पोट्ट्यांचा रस्ता आणि बायांचं वावर: आवाँ-गार्द कपड्यांतला फरक कुठून येतो

प्रश्न विचारणारी मुलगी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. नागपुरात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला शिकते. आई गावात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनमध्ये हिला आपल्याकडचे, रस्त्यावर दिसणारे कपडे आणायचे आहेत. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं, की आवाँ-गार्द, म्हणजे रूढ चाकोरी मोडणाऱ्या फॅशनमध्ये रस्ता आणि उपसंस्कृती (मुख्य प्रवाहाबाहेरच्या तरुण गटांचं राहणं-वागणं) पुरुषांच्या कपड्यांत सरळ उतरतात, बायकांच्या कपड्यांत त्यांची नुसती कला होते. तेव्हा तिने मेन्सवेअर, म्हणजे पुरुषांचे कपडे करावेत. ती विचारते: हे खरं आहे का? असं काहून होतं? आणि ज्या गावात रस्ता म्हणजे एसटीचा थांबा आणि दोन पानटपऱ्या, तिथून हे काम होऊ शकतं का?

पोरी, मी पॅटर्न मास्टर आहे, म्हणजे ज्यावरून कापड कापतात ते कागदी साचे (पॅटर्न) मी बनवते. मुंबईत डिझायनरांकडे आणि एक्सपोर्टच्या युनिटमध्ये पुरुषांचे आणि बायकांचे, दोन्ही पॅटर्न कापले. आता हिंगणघाटच्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप आहे. त्यामुळे माझं उत्तर कात्रीच्या बाजूने येईल.

तुझ्या सरांचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. पुरुषांच्या कपड्यांत रस्ता चटकन ओळखू येतो, कारण तिथले नियम घट्ट आहेत आणि मोडलेला नियम लगेच डोळ्यांत भरतो. बायकांच्या कपड्यांत रस्ता बहुतेक वेळा कटिंगमध्ये, कापड अंगावर कसं बसतं यात शिरलेला असतो. तो फोटोत कमी दिसतो, पॅटर्न टेबलावर उलगडला की दिसतो. ज्यांनी तो टेबलावर पाहिला नाही, त्यांना तिथे नुसती कला दिसते.

आधी पुरुषांचं बघू. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या वरच्या वर्गातल्या पुरुषांनी रेशीम, जर, लेस सोडली आणि ते गडद, साध्या कोट-पँटवर आले. जे. सी. फ्लुगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली या बदलाला पुरुषांनी केलेला मोठा त्याग म्हटलं. तेव्हापासून पुरुषाच्या कपाटात मोजक्याच वस्तू उरल्या. सूट, शर्ट, ओव्हरकोट, सैनिकाचा गणवेश, कामगाराचं जॅकेट. प्रत्येकाची लांबी ठरलेली, कॉलर ठरलेली, खिसे ठरलेले. अशा कपाटात कोट सहा इंच लांब केला तरी ती घोषणा होते.

ही अतिशयोक्ती नाही. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने युद्धासाठी लोकर वाचावी म्हणून पुरुषांच्या सुटात किती कापड जावं यावर बंधनं आणली. त्याच काळात लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन-अमेरिकन पोरं गुडघ्यापर्यंत कोट, रुंद खांदे, वर घेरदार आणि घोट्याशी आवळलेली पँट असा झूट सूट घालत होती. जून १९४३ मध्ये नौदलाचे जवान आणि इतर सैनिक टोळ्यांनी शहरात फिरले, या पोरांना मारलं आणि त्यांच्या अंगावरचे सूट ओरबाडून काढले. कापड जास्त वापरलं, एवढंच निमित्त पुरलं. झूट घालणाऱ्या मुलीही होत्या. त्या लांब कोटाखाली आखूड स्कर्ट घालायच्या, केस उंच बांधायच्या. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्यांच्यावर भरपूर लिहिलं, पण फॅशनच्या इतिहासात झूट म्हटलं की पुरुषच उभा राहतो. या मुलींकडे मी पुन्हा येईन.

१९५० च्या दशकातले लंडनचे टेडी बॉईज घे. सॅव्हिल रो या महागड्या शिंप्यांच्या गल्लीत युद्धानंतर शिंप्यांनी श्रीमंत तरुणांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, एडवर्ड राजाच्या काळातल्या धर्तीचे लांब कोट पुन्हा काढले. कामगार वस्तीतल्या पोरांनी तेच कोट उचलले, आणखी लांब केले, मखमली कॉलर लावली, खाली नळीसारखी पँट घातली. वरच्या वर्गाचा कपडा होता तसाच राहिला, फक्त दोन-तीन मापं बदलली. पुरुषी उपसंस्कृतीची हीच पद्धत आहे, आणि पुरुषी आवाँ-गार्दने तीच पद्धत उचलली आहे.

राफ सिमन्सचं काम नीट बघ. बेल्जियमचा माणूस, शिक्षण औद्योगिक डिझाइनचं, फॅशनचं नाही. १९९५ मध्ये पुरुषांचं लेबल काढलं. रॅम्पवर व्यावसायिक मॉडेल न आणता अँटवर्पच्या रस्त्यावरची सडपातळ पोरं उभी केली. सुरुवातीचे कोट शाळेच्या गणवेशासारखे, खांदा आणि बाही इतकी अरुंद, की पोरगा वाढला आणि कोट तेवढाच राहिला असं वाटावं. पुढे २००१ च्या सुमारास सगळं उलटं, मोठमोठी बॉम्बर जॅकेटं, पार्का (टोपीवाले लांब जाड कोट), थरावर थर, डोक्यावर हूड. पंक, टेक्नो, गॅबर अशा संगीतांभोवती जमणारी पोरं त्यात स्वतःला ओळखू शकत होती, कारण बॉम्बर तिथेही बॉम्बरच होता. अमेरिकी हवाई दलाचं ते एमए-१ जॅकेट, आतलं नारिंगी अस्तर वैमानिक पडला तर लांबून दिसावा म्हणून. सैनिकाकडून ते स्किनहेड म्हणवणाऱ्या, डोकं भादरलेल्या पोरांकडे, तिथून नाचणाऱ्या पोरांकडे आणि तिथून रॅम्पवर गेलं, आणि या सगळ्या प्रवासात त्याचा पॅटर्न जवळपास तोच राहिला. क्रेग ग्रीन या ब्रिटिश डिझायनरने २०१४ मध्ये लंडनमध्ये स्वतंत्र शो केला तेव्हा त्याच्या हातात कामगाराचं साधं जॅकेट होतं. त्याला त्याने रजईसारखे टाके घातले, लोंबते बंद लावले. जॅकेट ओळखू येत होतं, म्हणून बंद बोलत होते.

तुझे सर म्हणतात ते इथवर खरं. आता बायकांकडे येऊ, कारण गोष्ट इथे अवघड होते आणि माझा जीवही याच भागात जास्त आहे.

पहिला मुद्दा रस्त्याचा. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी १९७६ च्या सुमारास एक साधा प्रश्न विचारला: तरुणांच्या उपसंस्कृतींवर एवढं लिहिलं जातं, त्यात मुली कुठे आहेत? त्यांचं उत्तर असं, की लिहिणारे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे होते आणि मुलींना तो कोपरा मोकळा नव्हता. मुलींचं जग घरात, खोलीत, मैत्रिणींबरोबर, रेकॉर्ड आणि पोस्टरांभोवती होतं. हे ऐकायला बर्मिंगहॅमला जायची गरज नाही. तुझ्या गावच्या पानटपरीवर रात्री आठनंतर कोण उभं असतं ते आठव. रस्ता तिथून मोजला तर मुलगी त्या मापात येणारच नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. बायकांच्या महागड्या फॅशनने रस्ता घेतला तेव्हा बरेचदा त्याचं कापड बदलून टाकलं. १९६० मध्ये ईव्ह सँ लोराँ पॅरिसच्या डिओर या फॅशन कंपनीत डिझायनर होता, वय अवघं चोविसाच्या आसपास. त्याने पॅरिसच्या कॅफेंमधल्या तरुणांची काळी चामडी जॅकेटं आणि उंच गळ्याचे स्वेटर उच्चभ्रू बायकांसाठी केले, पण चामडं मगरीचं आणि कडेला मिंकची फर. तरीही गिऱ्हाईक बिथरलं, आणि सैन्यातली भरती आली तेव्हा कंपनीने त्याची जागा दुसऱ्याला दिली. १९९२ मध्ये मार्क जेकब्सने पेरी एलिस या अमेरिकी कंपनीसाठी ग्रंज (रॉक संगीतवाल्या पोरांचा गबाळा पेहराव) केलं, त्यात सिएटलच्या पोरांच्या फ्लॅनेलच्या चौकडी रेशमावर छापल्या. नोकरी त्याचीही गेली. मी या दोघांना नावं ठेवत नाही, दोन्ही कामं धाडसाची होती. पण कारागीर म्हणून मला दिसतं ते हे: फ्लॅनेल सुरकुततं, जड पडतं, धुवून मऊ होतं, घालणाऱ्याच्या अंगाचा आकार घेतं. रेशमावर छापलेली चौकडी यातलं काहीच करत नाही. रस्त्यावरून चित्र आलं, कापडाची वागणूक तिथेच राहिली.

याचं सर्वांत वाईट टोक २००० सालच्या जानेवारीत दिसलं. जॉन गॅलियानोने डिओरच्या ओत कूत्यूरमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेल्या सर्वांत महागड्या कपड्यांत, पॅरिसच्या बेघर लोकांवरून कपडे केले. वर्तमानपत्राची छपाई, फाटके थर, कमरेला लटकवलेल्या बाटल्या. कटिंग उत्तम होतं, त्याच्या हातात जादू होतीच. पण ज्यांच्यावरून ते घेतलं त्यांना त्या कपड्यांत काहीच जागा नव्हती. तुझं गाव शेतकऱ्यांच्या हलाखीसाठी बातम्यांत येतं. विदर्भ म्हटलं की फाटकं कापड आणि भेगाळलेली माती असं कलेक्शन करायचा मोह तुला कोणीतरी घालेल, ज्युरीतलाही घालेल. तो मोह टाळ. फाटकं शिवायला तुझ्या आईने तुला शिकवलं आहे. विकायला फाडू नको.

आता ते लोक, ज्यांनी बायकांच्या कपड्यांत रस्ता नीट आणला. रे कावाकुबो या जपानी डिझायनरने फॅशनचं शिक्षण घेतलं नव्हतं. १९६९ मध्ये तोक्योत कॉम दे गार्साँ हे लेबल सुरू केलं, १९८१ मध्ये पॅरिसला कपडे नेले. १९८२ च्या तिच्या काळ्या स्वेटरांना मोठमोठी भोकं होती. लोकांनी त्याला भिकाऱ्याचं, अणुबॉम्बनंतरचं म्हणून हिणवलं. ती भोकं तिने कात्रीने पाडली नव्हती. विणायच्या मशीनचे स्क्रू सैल केले, म्हणजे मशीनला एकसारखं विणता येईना, आणि ती त्याला आपली लेस म्हणायची. हा पंकशी नातं सांगणारा कपडा आहे, पण त्यावर पंकचं एकही चिन्ह नाही. सेफ्टी पिन नाही, साखळी नाही. पंकने शिकवलेली नीटनेटकेपणाविरुद्धची चीड मशीनच्या स्क्रूपर्यंत गेली आहे. १९९७ च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये तिने पोटावर, पाठीवर, खांद्यावर गाद्या शिवून बाईच्या अंगाचा ठरलेला आकारच मोडला.

मार्टिन मार्जिएला या बेल्जियन डिझायनरचं उदाहरण तर मला प्रत्येक शिकाऊ मुलीला दाखवावंसं वाटतं. १९९१ च्या हिवाळी कलेक्शनमध्ये त्याने सैन्याचे जुने लोकरी मोजे उसवून एकमेकांना जोडले आणि स्वेटर केला. मोज्याला टाचेपाशी जो फुगा असतो तो त्याने कोपरावर आणि छातीवर आणला. म्हणजे टक्स (आकार आणायला शिवलेल्या चिमट्या) न मारता छातीला जागा मिळाली. तुझी आई कटोरी ब्लाउज शिवते; छातीचा उभार आणायला किती तुकडे आणि किती शिलाया लागतात हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्याने तो प्रश्न सैनिकाच्या टाचेने सोडवला. सैन्याचा माल, भंगार बाजार, पंकांची जोडाजोडी, सगळं त्यात आहे, आणि तरी लांबून तो नुसता करडा स्वेटर दिसतो. तुझे सर ज्याला कला म्हणतात ती ही.

जपानी डिझायनर योहजी यामामोतोची आई युद्धात नवरा गमावलेली, तोक्योच्या काबुकिचो भागात शिवणकाम करून तिने मुलाला वाढवलं. कायद्याचं शिक्षण झाल्यावर तो आईच्या दुकानात आला. बायकांनी पुरुषांसारखे मोठे कोट घालावेत, कोटाने अंग झाकावं, सांभाळावं, या विचारातून त्याचं काम सुरू झालं. ऑगस्ट सँडरने काढलेली जर्मन कष्टकऱ्यांची छायाचित्रं त्याच्या फार आवडीची. त्या माणसांच्या अंगावर कपडे कामाने बसलेले आहेत. पुढे १९८४ मध्ये त्याने पॅरिसला पुरुषांचेही कपडे नेले, आणि गंमत अशी, की त्या दोन्हींतला फरक खांद्याच्या उतारात आणि कापडाच्या वजनात शोधावा लागतो.

मुलींची उपसंस्कृती सरळ रॅम्पवर आल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकी डिझायनर रिक ओवेन्स. सप्टेंबर २०१३ मध्ये पॅरिसला त्याने मॉडेलऐवजी अमेरिकेतल्या स्टेप नाचाचे संघ आणले, बहुतेक काळ्या बाया, दणकट अंगाच्या. हा नाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कॉलेज संघटनांतून वाढला. पाय आपटत, मांडीवर थाप मारत त्या आल्या. ओवेन्स स्वतः लॉस एंजेलिसच्या कारखान्यांत पॅटर्न कापून वर आलेला माणूस आहे, त्याला माहीत होतं की हे कपडे उडीत टिकायला हवेत. बगल आणि मांडी मोकळी नसती तर पहिल्याच मिनिटात शिलाई उसवली असती. त्यामुळे बायकांचा रस्ता सरळ येऊच शकत नाही, हे सरांचं म्हणणं मला पटत नाही. तो सरळ येतो, पण त्यांचं अंग बरोबर घेऊन येतो.

आता आपल्याकडे ये. तुझ्या गावात रस्ता नाही असं तू लिहिलंस. मला तिथे तीन तरी दिसतात.

एक मुलींचा आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि तालुक्याच्या कॉलेजला जाणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधते. सायकल, स्कूटी, एसटी, सगळीकडे. वर पांढरा सुती सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. निमित्त ऊन, पण तो स्कार्फ पावसाळ्यातही सुटत नाही, आणि का सुटत नाही हे तुला मी सांगायला नको. गाडीवर मागे कोण बसलंय, कोणाशी बोलतेय, कोणाला कळत नाही. गाठ मागे मारायची की बाजूला खोचायची, कपाळावर पट्टी किती घ्यायची, याच्या कॉलेजागणिक तऱ्हा असतात. मैत्रीण मैत्रिणीला बांधून देते. मॅकरॉबी म्हणते ती मुलींची खोली इथे दीड मीटर कापडात रस्त्यावर आली आहे. सनकोटाचा पॅटर्न बघ, तो डॉक्टरच्या कोटावरून आलेला आहे, छातीला आकार नाही, बाही हाताच्या पंजावर येते. याच्यावर कोणी गंभीरपणे काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरा बायांचा, वावरातला. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू होते तेव्हा पऱ्हाटीत बाई काय घालून असते? पातळ, ब्लाउज, त्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी. शर्ट उन्हासाठी, वाळल्या बोंडांची टोकं हाताला ओरबाडतात त्यासाठी आणि फवारलेल्या झाडापासून अंग झाकायला. हा शर्ट पॅटर्नच्या नजरेने बघ. पुरुषाचा खांदा रुंद, म्हणून शिवण बाईच्या दंडावर उतरते. कामाच्या शर्टाला बाहीची टोपी (खांद्याला जोडला जाणारा गोल भाग) बसकी असते, मुंढा (बाही जोडायचं भोक) खोल असतो, पाठीवर योकखाली (खांद्याच्या पट्टीखाली) प्लीट असते, म्हणून हात दिवसभर पुढे आणि खाली गेले तरी पाठ ओढत नाही. खालचा ब्लाउज याच्या अगदी उलट, मुंढा घट्ट, छाती तुकड्यांनी घडवलेली. एकाच अंगावर दोन शिवणशास्त्रं एकमेकांवर चढलेली आहेत. त्यात ओटी भरत जाते तसा पुढचा भार वाढतो, शर्टाचा पुढचा घेर वर सरकतो, मागचा लोंबतो, आणि बाईचा आकार दर तासाला बदलतो. कावाकुबोने गाद्या शिवून जो आकार काढला, तो इथे कापसाने भरतो आणि गाठोड्यात रिकामा होतो. एक गोष्ट टोचते ती सांगते: कापसाच्या वावरात वेचणारणीच्या अंगावरचा तो शर्ट बहुतेक वेळा पॉलिस्टर मिश्रणाचा असतो. कलेक्शनचं कापड ठरवताना हे डोक्यात ठेव.

तिसरा पोट्ट्यांचा, आणि तो सरांच्या सिद्धांतात चपखल बसतो. मंडळाचे एकसारखे टी-शर्ट, पाठीवर नाव. वणी, घुग्गुस, बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात खाणीतलं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट कामाबाहेरही अंगावर दिसतं. बापाच्या खांद्यावर घडी घालून टाकलेला पांढरा दुपट्टा पोराच्या तोंडाला गुंडाळलेला असतो, कपाळाला बांधलेला असतो, मनगटाला असतो. वस्तू तीच, जागा बदलली. यावर मेन्सवेअर कलेक्शन सहज होईल आणि चांगलं होईल. तुझं मन तिथे असेल तर जरूर कर. पण बायकांच्या कपड्यांत रस्ता नसतो, या कारणाने करू नको.

कपड्याची लांबी हा आपल्याकडे केवढा प्रश्न होता तेही विसरू नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर भाषण केलं आणि सांगितलं, लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसू नका, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं खालपर्यंत नेसा. हाता-गळ्यात ढिगाने घातलेले कथलाचे, चांदीचे दागिने सोडा, ती ओळखायची खूण आहे. बायकांनी ते तिथेच अंमलात आणलं. स्वतः बाबासाहेबांचा सूट आज विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक गावातल्या पुतळ्यावर आहे. ही मुक्तीची चळवळ आहे, तिला मी उपसंस्कृतीच्या खणात टाकणार नाही. पण कपड्याच्या अभ्यासासाठी त्यात फार मोठा धडा आहे. पुरुषाने सत्ताधाऱ्याचा तयार कपडा जसाच्या तसा अंगावर घेतला आणि नियम मोडला. बाईला कपडा तोच ठेवून नेसण बदलावी लागली, कापड अंगावर कुठवर येतं ते बदलावं लागलं. झूट सूटच्या त्या मुलींनीही हेच केलं होतं, पुरुषाचा कोट घेतला आणि खाली स्वतःच्या स्कर्टची लांबी बदलली. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि जगभरची उदाहरणं मला याच बाजूला झुकलेली दिसतात.

काम कसं करायचं ते आता सांगते. मोबाइलवर लांबून फोटो काढत फिरू नको. वेचणारणी तुझ्या ओळखीच्या आहेत, त्यांच्याबरोबर वावरात जा. कपडा मागायचा असेल तर जुन्या शर्टाच्या बदल्यात तिच्या मापाचा नवा सुती शर्ट शिवून दे, आणि फिटिंगसाठी तिचा वेळ घेतलास तर वेचणीची त्या दिवसाची मजुरी दे. मार्जिएलाने १९८९ मध्ये पॅरिसच्या विसाव्या विभागात एका पडीक मैदानावर शो केला तेव्हा तिथल्या मुलांना बाहेर हाकललं नव्हतं. निमंत्रणपत्रिका शाळेच्या मुलांनी रंगवल्या, आणि मुलं पुढे बसली, मॉडेलांबरोबर चाललीही. तुझ्या शोला गावातल्या बाया पहिल्या रांगेत असाव्यात आणि एखाद-दोघींना चालायचं असेल तर त्यांनी चालावं.

शर्ट हातात आला की उसवू नको. आधी तो घातलेल्या अंगावर माप घे: खांद्याची शिवण दंडावर किती इंच उतरली, कॉलर मागे किती सरकली, ओटी रिकामी असताना आणि भरलेली असताना पुढचा घेर किती वर गेला. झिजलेल्या जागा खडूने खुणव. मग टेबलावर पसरून पॅटर्न उतरव. तो मांजरपाटात काप, बायकांच्या ब्लॉकवर (ठरलेल्या मापाच्या मूळ साच्यावर) आणायचा प्रयत्न करू नको. छातीला टक्स मारून तो बायकी केलास तर सगळं गेलं. तिथे जी तिरपी घडी पडते, मुंढ्याकडे जाणारी, ती राहू दे, ती हीच सांगते की हा कपडा दुसऱ्याच्या मापाचा होता. बटणपट्टीही पुरुषी बाजूचीच ठेव. मार्टिन रोझ ही डिझायनर लंडनमध्ये असंच काम करते. पुरुषांच्या ओळखीच्या कपड्यांत खांदा पुढे ओढते, मापं बिघडवते, आणि ते बायकाही घालतात.

कापड हातमागाचं किंवा खादीचं घे. वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगाची खादी बघायला मिळेल. ही संस्था १९३८ पासून आहे आणि जाणं-येणं तुला परवडेल. भंडाऱ्याच्या करवती काठाच्या टसरचा मोह होईल, पण शर्टाला तो काठ लावलास की पुन्हा सँ लोराँच्या मगरीपाशी आलीस. टसर वापरायचंच असेल तर ओटीच्या आत, जिथे कापूस टेकतो तिथे लाव. ओटी हा तुझ्या कलेक्शनचा गाभा असू दे. ती वेगळी पिशवी करू नको, शर्टाच्या पुढच्या भागातूनच काढ: कमरेच्या रेषेवर आडवी काप दे, खालच्या तुकड्याला उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं कापड घे, म्हणजे वजन पडल्यावर तो ताणून खोल होईल. कडेला बंद ठेव, घालणारी तो गळ्यातही बांधू शकेल. स्कार्फ आणि सनकोटावर दोन पीस पुरेत. सनकोटाची पंजावर येणारी बाही आणि स्कार्फ एकाच तुकड्यात कापून बघ, कठीण आहे, पण तुझ्या आईला पिकोच्या मशीनवर उरेब कडा सांभाळायची सवय आहे, तिला बसव शेजारी.

सरांना पहिल्या भेटीत स्केच दाखवू नको. दोन पॅटर्न कागदावर कापून एकावर एक ठेवून ने, ब्लाउजचा आणि वेचणीच्या शर्टाचा, मुंढ्याला मुंढा लावून. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेव आणि तिथून बोलायला लाग.

आणि मांजरपाटाची पहिली ट्रायल कॉलेजच्या फिटिंग मॉडेलवर घेऊ नको. वेचणाऱ्या बाईला घाल, ओटीत कापूस भर, तिला दहा-पंधरा मिनिटं ओळीतून वेचत जाऊ दे. बगलेत ओढ आली तर तिथे अर्ध्या इंचाची कळी (जादा तुकडा) घाल. पाठ वर चढली तर पुढच्या उरेब तुकड्याची उंची कमी कर आणि पुन्हा शिव. बाई स्वतःहून काही सांगेल, बहुतेक बाहीबद्दल. ते लिहून घे आणि त्याप्रमाणे बदल, मग मला पॅटर्नचे फोटो मापांसकट पाठव.